फवाऱ्याआधी माशीची वेळ पाहा

कुंपणावर चढवलेल्या तांबड्या भोपळ्याच्या वेलाला कळी धरावी, कळीखाली सुपारीएवढे इवलेसे फळ दिसावे, घरच्या मंडळींनी "यंदा पोटभर घारगे करू" म्हणून मनात मांडे खावेत, आणि चार दिवसांत ते फळ पिवळे पडून देठापासून गळावे, हा अनुभव तुमच्यापैकी कितीतरी घरांनी घेतला असेल. आमच्या घराने तो २०२३ सालच्या पावसाळ्यात घेतला. वेल मांडवभर पसरला, फुलांनी पिवळाधमक झाला, पण घरात भोपळा आला तो एकच. तोही वाकडा.

त्या वर्षी मी काय केले ते आधी सांगतो, कारण चूक माझीच होती. फळ गळते म्हणजे फळमाशी लागली असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. दुकानातून औषध आणले. सकाळी वारा नसतो, ऊन लागत नाही, म्हणून सात वाजता पंप पाठीवर घेतला आणि वेल पानाफुलांसकट न्हाऊ घातला. आठवड्याने पुन्हा तेच केले. गळ काही थांबली नाही, उलट वाढली. "रोगापेक्षा इलाज भयंकर" ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. पण आपल्याच परसात ती खरी होते आहे, हे कळायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. आणि ते कळले कशामुळे म्हणाल, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यामुळे!

चातुर्मासातला पाहुणा

माझा पुतण्या तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतो. आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात, ते कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत. एवढे दिवस त्याचा कॅमेरा पेटीत पडून असतो. २०२४ च्या श्रावणात तो चार दिवस राहायला आला आणि जाताना म्हणाला, "काका, ओलीने भिंगाला बुरशी धरते. कॅमेरा तुमच्याकडेच ठेवतो. रोज थोडा वापरत जा, हवा-उजेड लागेल."

कॅमेऱ्याबरोबर एक लांबलचक लेन्स होती. मांडवाच्या मागच्या टोकाला उभे राहून नवरा-नवरीचा चेहरा जवळ आणणारी, ३०० मिलिमीटरची. तिला टेलिफोटो लेन्स म्हणतात. मी म्हटले, लग्न नाही तर नाही, भोपळ्याच्या फुलाचे फोटो काढू.

पहिल्या दिवशी मी मोबाइल घेऊन गेलो होतो. मोबाइलने माशीचा फोटो घ्यायचा तर वीतभर अंतरावर जावे लागते. मी वाकलो की माझी सावली फुलावर पडायची आणि माशी भुर्र उडून जायची. अर्धा तास उभा राहून एकही फोटो मिळाला नाही. मी घरात येऊन सांगितले, "फुलावर काही येतच नाही." खरी गोष्ट अशी होती, की मी तिथे होतो म्हणून काही येत नव्हते.

लांब लेन्सचा उपयोग इथे आहे. ती माशीला मोठी करून दाखवते, पण माणसाला लांब ठेवते. पाच-सहा फुटांवर तुम्ही मुकाट बसून राहिलात तर माशीच्या लेखी तुम्ही म्हणजे कुंपणाचा एक खांब. ती आपले काम निवांत करते आणि आपण ते पाहतो.

फोटो कसा काढावा

घरात कोणाकडे असा कॅमेरा असेल, किंवा शहरातले भाचे-पुतणे सुट्टीला घेऊन येत असतील, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट अंतराची. लांब लेन्स फार जवळचे पाहू शकत नाही. आमच्या लेन्सला पाच फुटांच्या आतले सारे पुसट दिसते. म्हणून फुलापासून साधारण साडेपाच फुटांवर पाट किंवा स्टूल मांडावे. आणखी जवळ जायचे असेल तर कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ कडी मिळते. तिच्यात भिंग नसते. ती बसवली की लेन्स जवळचेही पाहू लागते, पण मग दूरचे दिसत नाही.

दुसरी गोष्ट टेकूची. लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप फोटोत मोठा होऊन उतरतो. तिपाई असली तर उत्तम. आमच्याकडे नव्हती. स्टुलावर ज्वारीचे अर्धे भरलेले पोते ठेवले, त्याला मधोमध खळगा केला आणि लेन्स त्यात निजवली. तिपाईची उणीव भासली नाही.

तिसरी गोष्ट, माशीच्या मागे लागू नये. या लेन्सने एवढ्या जवळून फोटो घेताना जेमतेम गव्हाच्या दाण्याच्या लांबीएवढी खोली स्पष्ट येते, पुढचे-मागचे सारे धुरकट. उडत्या माशीवर नेम धरायला गेलात तर दिवसभर धुकेच मिळेल. त्यापेक्षा उमललेले एक ताजे फूल धरावे, त्याच्या मधल्या दांड्यावर फोकस पक्का करावा आणि माशी तिथे येण्याची वाट पाहावी. बगळा पाण्यात उभा राहतो तसे.

चौथी गोष्ट वेगाची. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवला तर माशीचे अंग स्पष्ट येते, पंख तरीही थोडे पुसट राहतात. राहू द्यावेत, त्यावरून माशी जिवंत वाटते. पावसाळी सकाळी उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ नावाची खूण वाढवावी लागते. त्याने फोटो थोडा रवाळ होतो, पण आपल्याला तो दिवाणखान्यात टांगायचा नाही. आपल्याला माशी ओळखायची आहे.

फोटोत कोण कोण सापडले

रोज सकाळी दोन तास असे पंधरा-वीस दिवस मी बसलो. संध्याकाळी फोटो मोठे करून पाहताना सारे घर गोळा व्हायचे. आम्ही ज्या साऱ्यांना सरसकट "माशी" म्हणत होतो, त्यांत निरनिराळी मंडळी निघाली.

भोपळ्याच्या फुलात सर्वांत आधी दिसली ती सातेरी. आपल्याकडे पेटीत पाळतात ती हीच. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. फुलातून बाहेर येताना ती परागाने इतकी माखलेली होती, की हळदीच्या अंगाने नवरी बाहेर यावी! मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या चिकटवलेल्या. मधमाशीच्या पायावर यासाठी टोपलीसारखी खास जागाच असते.

तुळशीच्या मंजिऱ्यांवर दिसली ती इवलीशी फुलोरी. ही झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे उघड्यावर बांधते. शेवग्याच्या फुलोऱ्यावर काळाकुळकुळीत भुंगा. तो वाळक्या लाकडाला भोक पाडून त्यात घर करतो. तुरीच्या फुलांवर एक अशी माशी सापडली, की तिच्या पायावर पराग नव्हताच, सारे पोटच खालून पिवळे होते. ही पानकापी माशी. गुलाबाच्या पानाला कोणीतरी कात्रीने गोल तुकडा कापून नेल्यासारखे दिसते ना? ते हिचे काम. पिलांच्या घराला ती पानाचे अस्तर लावते. गुलाबाची दोन-चार पाने गेली म्हणून तिच्यावर औषध मारू नका, तुरीच्या शेंगेत तिचा वाटा आहे.

वांग्याच्या फुलावर निळसर पट्ट्यांची एक माशी आली. ती फुलाला घट्ट धरायची आणि पंख न हलवता अंग थरथरवायची. त्या वेळी तिचा आवाज एकदम चढा व्हायचा. वांगे आणि टोमॅटो यांचा पराग बंद नळीसारख्या परागकोशात असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातून किंवा फटीतून बाहेर पडतो. मिठाची डबी हलवावी तसे फूल हलवावे लागते. वाऱ्यानेही ते थोडेफार हलते, पण ही माशी ते काम फार चांगले करते. मधमाशीला ही विद्या येत नाही.

आणि एक गंमत पाहा. कोथिंबिरीच्या फुलावरचे "मधमाशी" म्हणून काढलेले आमचे कितीतरी फोटो मधमाशीचे नव्हतेच. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा वेष तोच, पण पंख दोन. मधमाशीला चार पंख असतात. ही सिरफिड माशी. ती डंख करत नाही, आणि तिच्या अळ्या मावा खाऊन जगतात. आपण माव्यावर औषध मारतो तेव्हा आपल्या बिनपगारी गड्यालाही मारत असतो.

वहीतला धक्का

आजच्या कॅमेऱ्याची एक सोय आहे. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, तास, मिनिट, सेकंद नोंदला जातो. एका रविवारी मुलीने शाळेची जुनी वही घेतली आणि फुलाचे नाव, माशीचे नाव, वेळ असे तीन रकाने आखून सारे फोटो उतरवून काढले.

तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटून जाते. आमच्या वहीत भोपळ्यावरच्या जवळजवळ साऱ्या माश्या सहा ते नऊ या वेळात होत्या, आणि सर्वांत दाट गर्दी सात ते आठ. तुळशीवरची फुलोरी ऊन चढल्यावर. दुधी आणि दोडका यांची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीच्या पांढऱ्या फुलावर रात्री पतंग येतात, आणि सकाळपर्यंत टिकलेल्या फुलावर माश्या.

मंडळींनी वहीवरून बोट फिरवले आणि विचारले, "अहो, गेल्या वर्षी तुम्ही पंप कधी मारत होता?"

मी काही बोललो नाही. सात ते आठ. माझ्या भोपळ्याला फळ धरवायला जे येत होते, त्यांच्या अंगावर नेमक्या त्याच घटकेला मी विष टाकत होतो. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

माशीला घड्याळ कळते, ही काही आमची कल्पना नाही. १९२९ साली इंगेबोर्ग बेलिंग या जर्मन संशोधिकेने मधमाश्यांना रोज ठरलेल्या वेळी साखरपाणी दिले. मग एके दिवशी काहीच ठेवले नाही. तरी माश्या त्याच वेळेला हजर! बेलिंग यांचे गुरू कार्ल फॉन फ्रिश. मधमाशी नाचून आपल्या बहिणींना फुलांची दिशा आणि अंतर सांगते हे त्यांनी उलगडले, आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोणते फूल कधी मकरंद देते हे माशीला पाठ असते, आणि ती त्या वेळेला येते. वेळ चुकवायची तर ती आपणच चुकवली पाहिजे.

गळलेले फळ चिरून पाहा

फळ गळण्याची कारणे अनेक असतात. म्हणून पुढच्या वेळी गळलेले फळ फेकू नका, विळीवर चिरा. आत अळ्या असतील, सालीवर टोचल्याची खूण असेल, तर ती फळमाशी. तिच्यासाठी काकडीवर्गीय पिकांचे क्यू-ल्युअरचे सापळे मिळतात, ते टांगावेत. किडकी फळे गोळा करून जमिनीत खोल पुरावीत. त्यासाठी फुलांवर औषध मारण्याचे कारण नाही.

आत अळी नसेल, फळ नुसतेच सुकून पिवळे झाले असेल, तर बहुधा पराग पोहोचलेला नाही. भोपळ्याला नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. ज्याच्या खाली इवले फळ असते ती मादी. नराचा पराग मादीवर नेणारे कोणी नसेल तर फळ धरत नाही. फळातल्या प्रत्येक बीला एक परागकण लागतो. पराग अपुरा पडला तर फळ एका बाजूने पोसते, दुसऱ्या बाजूने बसते. आमच्या वाकड्या भोपळ्याचे कोडे मला इथे उलगडले.

सतत पाऊस असला तरी माशी बाहेर पडत नाही आणि फळ गळते. त्यात कोणाचाच दोष नसतो. अशा झडीच्या दिवसांत सकाळी आठच्या आत एक ताजे नर फूल खुडावे, पाकळ्या सोलाव्यात, आणि मधला पिवळा दांडा दोन-तीन मादी फुलांच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवावा. आमच्या घरी हे काम आता आई करते. भोपळ्याच्या फुलांची भजीही ती करते, पण फुले खुडते दहानंतर, मिटलेली आणि फक्त नराची. म्हणजे माशीचेही झाले आणि आपलेही.

शेजाऱ्याला दाखवलेला फोटो

आमच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा मिरचीचा तुकडा आहे. फुलकिड्यांसाठी तेही सकाळीच फवारायचे, आणि वारा आमच्या वेलाकडे. पूर्वीचा मी असतो तर बांधावर उभा राहून चार शब्द बोललो असतो, त्यांनी सहा ऐकवले असते. या वेळी त्यांना चहाला बोलावले. पराग माखलेल्या सातेरीचा फोटो दाखवला, वही दाखवली आणि आधी माझी स्वतःची चूक सांगितली. ते बराच वेळ फोटो पाहत राहिले. म्हणाले, "दादा, एवढेच ना? मी दिवस कलल्यावर मारतो." तेव्हापासून ते तसेच करतात. आमची दुधी-दोडक्याची वेल घराच्या पलीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे संध्याकाळचा फवारा तिलाही लागत नाही.

म्हणूनच, "संध्याकाळी फवारा" एवढा एकच नियम सांगून मी थांबत नाही. तुमच्या परसात दुधी असेल तर संध्याकाळ हीच तिची उमलण्याची वेळ. तुमचे फूल कधी उमलते ते तुम्हीच पाहायचे. शक्यतो वेल फुलात असताना फवारूच नये. गरजच पडली तर आधी पाच टक्के निंबोळी अर्कासारखा सौम्य उपाय करावा, तोही फुलावर माश्या नसताना.

औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो औषध माणसाला किती विषारी हे सांगतो, माशीला किती हे नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका, सोबतचे पत्रक वाचा. इमिडाक्लोप्रिडसारखी काही आंतरप्रवाही औषधे झाडात भिनून पराग-मकरंदापर्यंत पोहोचतात. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांच्या काळजीपोटीच.

जपून!

लांब लेन्स हातात आली म्हणून आग्या मोहोळाच्या नादी लागू नका. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला लोंबणारे ते मोठे एकच पोळे म्हणजे आग्या. त्याचा फोटो हवाच असेल तर खूप लांबून घ्यावा. खडा मारू नये, खाली धूर करू नये, फ्लॅश वापरू नये. परसातही फिकट कपडे घालावेत, अत्तर लावू नये, फुलावर श्वास सोडू नये. माशी चावलीच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढावी. ओठ-डोळे सुजले, धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, तर घरगुती उपायात वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा.

कॅमेरा नसला तर?

नसू दे. कॅमेऱ्याने आम्हाला शिकवले ते एवढेच, की पाच-सहा फुटांवर मुकाट बसावे, पाहावे आणि वेळ लिहून ठेवावी. डोळे आणि वही प्रत्येक घरात आहे. मुलांना हे काम द्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा, आठ, दहा आणि संध्याकाळी पाच वाजता दहा-दहा मिनिटे एकेका फुलाजवळ बसवा. आठ दिवसांत तुमच्या परसाचे वेळापत्रक तयार होईल. ते फवारणीच्या पंपाशेजारी भिंतीला चिकटवून ठेवा.

२०२४ साली आमच्या वेलाने सात भोपळे धरले. पाऊसपाणीही त्या वर्षी बरे होते, तेव्हा सारे श्रेय वहीला देत नाही. पण फुलांवर औषधाचा एक थेंब न टाकता सात भोपळे आले, हे खरे. तुळशीचे लग्न लागले, पुतण्या कॅमेरा न्यायला आला, तेव्हा काकूने त्याच्या हातावर घारगे ठेवले. तो म्हणाला, "काका, भाडे मिळाले!"

यंदा पंप पाठीवर घेण्याआधी एक सकाळ फुलाशेजारी बसून पाहा. कोण येते, किती वाजता येते, ते लिहून ठेवा.